जडपणाचा हिशेब

संगणकावरच्या खेळांना वार्षिक अंकात जागा द्यावी की नाही, याविषयी प्राध्यापकवर्गात दुमत असू शकेल. परंतु वसतिगृहातील मुले ज्या प्रश्नावर रात्र रात्र वाद घालतात, तो प्रश्न एकदा नीट मांडून पाहण्यास हरकत नसावी. प्रश्न असा : काल्पनिक युद्धाच्या खेळात आपला योद्धा हलका व चपळ असावा, की नखशिखान्त चिलखत चढवलेला, संथ आणि जड असावा? नवखा खेळाडू पुष्कळदा जड योद्धा पसंत करतो. अंगावर लोखंड जितके अधिक तितका जीव सुरक्षित, अशी त्याची समजूत असते. चार लढायांत तो मरतो, पाचव्यांदाही मरतो, आणि मग 'चिलखत निरुपयोगी आहे' असा निकाल देऊन मोकळा होतो. समजूत चूक आणि निकालही चूक. जड योद्धा उत्तम लढू शकतो. मात्र त्याची घडण विचाराने करावी लागते. त्या घडणीचा हिशेब येथे मांडावयाचा आहे.

उदाहरणासाठी 'एल्डन रिंग' हा खेळ घेऊ. जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली तो फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आणला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर एक योद्धा असतो. त्याला चालविणे, वार करविणे, ढाल उचलविणे आणि कोलांटी घेवविणे आपल्या हाती असते. शत्रूचा वार अंगावर येताना नेमक्या क्षणी कोलांटी घेतली तर वार फुकट जातो. योद्ध्याचे आठ गुण असतात आणि प्रत्येक गुणाला एक आकडा असतो. शत्रूंना मारून मिळालेले 'रून' खर्च केले की एक पायरी वर चढता येते, आणि एका पायरीला एकाच गुणात एकाची भर पडते. म्हणजे येथे सगळा मामला काटकसरीचा आहे. एका ठिकाणी दिले ते दुसरीकडून काढून घेतलेले असते.

आता जडपणा म्हणजे काय ते पाहू. आपल्या भागातल्या माणसाला ते समजणे सोपे आहे. माळेगावच्या किंवा भवानीनगरच्या कारखान्याकडे उसाने भरलेली बैलगाडी निघते, तेव्हा 'गाडीत ऊस किती?' एवढे विचारून भागत नाही. बैल कसे आहेत, हेही विचारावे लागते. दमदार जोडीला जो भार सहज ओढतो तोच कोवळ्या जोडीला उरी फोडतो. खेळातही नेमके हेच आहे. चिलखत, शस्त्र, ढाल यांच्या वजनांची बेरीज योद्ध्याच्या भारक्षमतेशी ताडून पाहिली जाते. भार क्षमतेच्या ३० टक्क्यांच्या आत असेल तर योद्धा हलका; ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान मध्यम; ७० च्या पुढे गेला की जड. जड झाला की त्याची कोलांटी आखूड होते आणि त्यातून सावरून उभे राहण्यास वेळ लागतो. १०० टक्के ओलांडले की कोलांटी घेताच येत नाही.

समजा, एकूण भार ६३ आहे. क्षमता ८० असेल तर हे प्रमाण जवळजवळ ७९ टक्के, म्हणजे योद्धा जड. तीच क्षमता १०० केली तर प्रमाण ६३ टक्के, म्हणजे मध्यम. अंगावरचे लोखंड तेच, माणूस मात्र निराळा! म्हणून जड योद्ध्याचा पहिला प्रश्न कोणते चिलखत घ्यावे हा नसून, ते पेलणारे अंग कसे कमवावे हा आहे. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवरायांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्यावरच्या वस्त्राखाली पोलादी टोप घातला होता, असे बखरी सांगतात. खेळाच्या भाषेत तो मध्यम भार झाला : घाव अडेल इतके लोखंड, पण हात आणि पाय मोकळे.

अंग कमावण्यासाठी तीन गुण लागतात. पहिला 'व्हिगर', म्हणजे जीवशक्ती. हा गुण ४० असताना योद्ध्याचे प्राण १४५० मोजले जातात, ६० असताना १९००, आणि ९९ या शेवटच्या टोकाला २१००. येथे हिशेब करणाऱ्याला एक गोष्ट चटकन दिसेल. ४० पासून ६० पर्यंतच्या २० पायऱ्यांनी ४५० प्राण मिळाले. पुढच्या ३९ पायऱ्यांनी केवळ २००. तेव्हा ६० च्या पुढे या गुणावर खर्च करणे म्हणजे भरल्या विहिरीत पाणी ओतणे होय. अर्थशास्त्राच्या तासाला घटत्या उपयोगितेचा सिद्धांत ज्यांना कंटाळवाणा वाटतो, त्यांना तो येथे विनासायास पटतो.

दुसरा गुण 'एण्ड्युरन्स'. भारक्षमता यानेच वाढते, आणि योद्ध्याचा दमही यानेच वाढतो. जड योद्ध्याचा हा कणा आहे. तिसरा गुण 'स्ट्रेंग्थ', म्हणजे बळ. अवजड शस्त्र उचलण्यास बळाचा ठरावीक आकडा लागतो. मात्र शस्त्र दोन्ही हातांनी धरले तर बळ दीडपट धरले जाते. 'जायंट क्रशर' नावाची एक प्रचंड गदा आहे. तिला ६० बळ लागते, पण दोन्ही हातांत धरणाऱ्याला ४० पुरते. दोन्ही हात शस्त्राला दिले की ढाल पाठीवर जाते, एवढे मात्र लक्षात ठेवावे. आरंभी या तिन्हींत जीवशक्तीला अग्रक्रम द्यावा, आणि शस्त्राची धार लोहाराकडून वाढवून घ्यावी. सुरुवातीच्या काळात बळाच्या चार पायऱ्यांपेक्षा लोहाराचा हात अधिक कामाला येतो.

मग चिलखत नेमके देते काय? घावाचा काही टक्के भाग ते कमी करते. पण या टक्क्यांची सरळ बेरीज करता येत नाही. समजा, शिरस्त्राण ५ टक्के, अंगातले चिलखत १५, हातमोजे ४ आणि पायांतले ९ टक्के घाव अडवते. बेरीज ३३ होते. परंतु प्रत्येक तुकडा मागच्या तुकड्याने उरवलेल्या घावातूनच आपला वाटा कापतो, त्यामुळे प्रत्यक्षात सुमारे साडेएकोणतीस टक्केच घाव अडतो. म्हणजे शंभराचा घाव सत्तराचा झाला. तीन वारांनी मरणारा माणूस चौथ्या किंवा पाचव्या वाराने मरेल. ही मदत खरी आहे, पण हे अभय नव्हे. शिवाय धातूचे चिलखत तलवारीपुढे जितके उपयोगी पडते तितके विजेच्या माऱ्यापुढे पडत नाही. शत्रूने कवेत धरून आपटले तर ढाल कामाची नाही. आणि रक्तस्राव घडविणारे शस्त्र एकूण प्राणांच्या प्रमाणात घाव घालते, त्यामुळे प्राणांचा मोठा साठाही तेथे फारसा आधार देत नाही.

चिलखताचा खरा लाभ दुसराच आहे. त्याला खेळात 'पॉइझ' म्हणतात. आपण स्थैर्य म्हणू. हलक्या योद्ध्यावर वार बसला की तो झोकांडी खातो आणि त्याचा स्वतःचा वार अर्ध्यावर तुटतो. स्थैर्य पुरेसे असेल तर वार अंगावर घेऊनही हात थांबत नाही. परस्परांशी लढणारे जाणते खेळाडू स्थैर्याचा ५१ हा आकडा पहिला टप्पा मानतात. अवजड गदा फिरविणाऱ्याला हे स्थैर्य जीवनावश्यक आहे, कारण त्याचा वार मुळातच संथ असतो. तो मध्ये तुटला तर सगळे श्रम वाया गेले. या खेळात 'बुल-गोट' नावाचा एक अवजड चिलखतसंच आहे, तो याच गुणासाठी नावाजलेला आहे. मात्र हा नियम प्रत्येक खेळात सारखा नसतो. याच कंपनीच्या २०११ सालच्या 'डार्क सोल्स'मध्ये भाराचे टप्पे २५ आणि ५० टक्के असे होते. २०१६ च्या 'डार्क सोल्स ३'मध्ये स्थैर्य मुख्यतः अवजड वार चालू असतानाच उपयोगी पडे. जड योद्धा घडविण्यापूर्वी त्या त्या खेळाचा कायदा वाचून घ्यावा, हे उत्तम.

आता दमाविषयी. शस्त्र फिरविणे, धावणे, कोलांटी घेणे, या सर्वांना दम लागतो. चांगली ढाल शारीरिक घाव शंभर टक्के अडवते, पण अडविलेल्या प्रत्येक घावाचे मोल दमातून चुकते करावे लागते. दम संपला की ढाल बाजूला फेकली जाते आणि योद्धा काही क्षण उघडा पडतो. त्यातही गंमत अशी की, ढाल उचलून धरलेली असताना दम सावकाश भरतो. नवखा माणूस भीतीने ढाल सतत उंच धरून ठेवतो, आणि त्या भीतीमुळेच त्याची ढाल फुटते. जाणता माणूस दोन वारांच्या मधल्या फटीत ढाल खाली घेतो, श्वास घेतो, आणि वार येताना ती पुन्हा वर करतो. घाव ढालीवर अडला की त्याच क्षणी जोरकस उलटवार करण्याची सोय 'एल्डन रिंग'मध्ये आहे. जड योद्ध्याचे ते मोठे हत्यार समजावे.

इतक्या विवेचनावरून एक सूत्र हाती येते. हलका योद्धा चुकला तर पळू शकतो. जड योद्धा पळू शकत नाही. चिलखत अंगावर घेताना त्याने माघारीचा हक्क सोडलेला असतो आणि त्याच्या बदल्यात उभे राहण्याचे सामर्थ्य विकत घेतलेले असते. म्हणून हलक्या माणसाला जे निर्णय लढाई सुरू झाल्यावर घेता येतात, ते जड माणसाला आधीच घेऊन ठेवावे लागतात : कोठे उभे राहायचे, पाठ कोणत्या बाजूस ठेवायची, शत्रू एकेक करून समोर येतील अशी अरुंद जागा कोणती, दम किती शिल्लक असताना हात आवरायचा. उसाची गाडी चढावर आली की हाकणारा ऐन वेळी वाट बदलत नाही. कोणत्या चाकोरीने चढायचे हे त्याने खालीच ठरविलेले असते. मध्येच थांबला तर गाडी मागे येते.

हे सूत्र मनात ठेवून आपल्या इतिहासाकडे पाहिले तर एक मोठे उदाहरण डोळ्यांसमोर येते. मराठ्यांची लढाईची जुनी रीत हलकी होती. झटपट हालणारे घोडदळ, अंगावर माफक ओझे, शत्रूची रसद मारणे, अंगाशी आले की पांगणे आणि पुन्हा एकत्र येणे; हा गनिमी कावा. आपल्या नीराकाठच्या होळ गावचे मल्हारराव होळकर या रीतीत मुरलेले सेनानी. उलट १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामावर जो विजय मिळविला, त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा आणि कवायती पायदळाचा मोठा वाटा होता. इब्राहिमखान पूर्वी निजामाच्या चाकरीत होता आणि फ्रेंच पद्धतीची कवायत त्याच्या फौजेत होती. ही जड रीत. उदगीरला ती फळली, आणि त्याच वर्षी भाऊ तीच घेऊन उत्तरेत निघाले.

उत्तरेत गेल्यावर वाद झाला. बायकामुले, यात्रेकरू आणि जड सामान मागे सुरक्षित ठिकाणी ठेवून हलक्या फौजेनिशी अब्दालीला हैराण करावे, असा सल्ला मल्हारराव आणि सूरजमल जाट यांनी दिला, असे सांगतात. भाऊंचा भरवसा तोफांवर होता. या वादात कोण बरोबर, यावर आपल्याकडे दोनशेहून अधिक वर्षे शाई खर्ची पडली आहे, त्र्यं. शं. शेजवलकरांसारख्या इतिहासकाराने या एका मोहिमेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्या विषयापुरते पाहिले तर 'जड की हलके?' हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. विचारावयाचे ते असे की, जडपणा पत्करल्यावर बाकीची घडण त्याला जुळविली होती काय?

दमाचा विचार करा. फौजेचा दम म्हणजे रसद. १७६० च्या नोव्हेंबरापासून दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर तळ देऊन बसल्या. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीची मोठी आशा संपली. लढवय्यांबरोबर न लढणारी माणसेही तितकीच जेवणारी होती. म्हणजे ढाल उंच धरलेली आणि दम आतून आटत चाललेला. अखेर १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशीपोटी फौज बाहेर पडली ती ढाल फुटण्याच्या बेतात असताना.

स्थैर्याचा विचार करा. तोफा आणि गारदी मध्ये घेऊन गोल बांधून सरकत जायचे, असा बेत होता. गोल म्हणजे चिलखतच. तो अभंग राहिला तरच त्याचा उपयोग. डाव्या बाजूस इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची मोठी हानी केली. परंतु त्यांच्या मदतीस नेमलेले विंचूरकर व गायकवाड यांचे स्वार जागा सोडून पुढे धावले, असे मराठी वृत्तांत सांगतात. त्या स्वारांना भित्रे किंवा बेशिस्त म्हणून मोकळे होणे सोपे आहे. जन्मभर जी हलकी लढाई ते शिकले होते, तीच त्यांनी केली. दोष घडणीत होता : मस्तक जड योद्ध्याचे आणि पाय हलक्या योद्ध्याचे. दुपारी अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज पुढे घातली. त्याच्याकडे उंटांवरच्या जंबुरक तोफा होत्या; मारा करायचा आणि जागा बदलायची, हे त्या करू शकत. मराठ्यांच्या अवजड तोफांना तसे हलता येत नव्हते. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ गर्दीत शिरले, आणि मग जड योद्ध्याला जे कधीच जमत नाही ते करण्याची वेळ आली : माघार. त्या माघारीत किती माणसे गेली, हे महाराष्ट्राच्या घराघराला ठाऊक आहे.

खेळ आणि पानिपत एका पंगतीला बसविणे काहींना खटकेल. तेथे माणसे मेली. येथे पडद्यावरची बाहुली पडते आणि पुन्हा उठते. हा फरक मोठाच आहे. पण खेळाचा उपयोगही याच फरकात आहे. एल्डन रिंगमध्ये रेनाला नावाची एक राणी आहे. तिला पराभूत केल्यावर एक विशिष्ट अश्रू तिच्यापुढे ठेवला की योद्ध्याचे सारे गुण मोडून नव्याने वाटता येतात. घडण फसली तर पुन्हा करून पाहता येते. भाऊसाहेबांना ती सवलत नव्हती. ज्या हिशेबाची किंमत इतिहासात एवढी जबर मोजावी लागली, तो येथे काही रून खर्चून शिकता येतो.

अर्धवट जडपणा सर्वांत वाईट, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही परकी वाटू नये. आपल्या बारामतीच्या मोरोपंतांची समासांनी लादलेली आर्या अनेकांना अवजड वाटते. परंतु तिचे यमक, तिचे अनुप्रास, तिची संथ चाल, सारे त्या जडपणाला जुळविलेले आहे, म्हणून ती उभी राहते. मध्येच लावणीची एक हलकी ओळ घातली तर आर्याही बिघडेल आणि लावणीही.

तेव्हा ज्यांना जड योद्धा घडवावयाचा असेल त्यांनी पुढील क्रम धरावा. आधी जीवशक्ती ४० पर्यंत न्यावी. मग एण्ड्युरन्स वाढवीत राहावे, आणि चिलखताचे तुकडे एकेक करून, भार ७० टक्क्यांच्या आत राहील असेच चढवावेत. सगळा संच एकदम अंगावर घेण्याचा मोह टाळावा. भारक्षमता वाढविणारे ताईत खेळात मिळतात, ते शोधावेत. शस्त्र एकच निवडावे आणि त्याच्या वाराला लागणारा वेळ हाताला पाठ करावा. ढालीमागे लपून राहू नये. नव्या जागी शिरताना आधी चालत जाऊन भिंती, कोपरे आणि अरुंद वाटा पाहून ठेवाव्यात. आणि ७० टक्क्यांची रेषा जाणूनबुजून ओलांडायची असेल तर खुशाल ओलांडावी. मात्र त्या दिवसापासून कोलांटीवरचा भरवसा पूर्णपणे सोडून ढाल, स्थैर्य आणि जागेची निवड यांवरच लढावे. त्यानंतर हातून कोलांटीची कळ दाबली जात असेल, तर चिलखत अजून मनावर चढलेले नाही असे समजावे.